आत्याचं प्रतिज्ञापत्र

आज हवेला पुन्हा तो वास आहे. डोंबिवलीत राहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही आणि न राहिलेल्याला सांगून कळत नाही; सडक्या कोबीवर कुणी नेलपॉलिशची बाटली ओतावी, साधारण तसा. एमआयडीसीकडून वारा वळला की तो येतो, खिडक्या लावल्या तरी फटींतून आत शिरतो आणि तासा-दोन तासांनी येईनासा होतो. येईनासा होतो म्हणजे गेलेला नसतो, नाकाने तक्रार करणं सोडलेलं असतं. मी परदेशातून तीन आठवड्यांसाठी इथे आले आहे. ज्या आत्याने मला वाढवलं, ती न्हाणीघरात पडली, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि काल आम्ही तिला घरी आणलं. आतल्या खोलीत ती औषधाच्या गुंगीत झोपली आहे, बाहेर खिडकीशी मी बसले आहे आणि या वासाने माझं डोकं फिरलं आहे. चार वर्षांपूर्वी ज्या सकाळी मी आत्याला रिक्षात बसवून कल्याणला कोर्टापाशी घेऊन गेले, त्या सकाळी हवेत हाच वास होता.

आठवणी लिहाव्यात तर हळुवारपणे, मोरपिसासारख्या, असा आपल्याकडे एक समज आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या की लिहिणाऱ्याला धन्य वाटतं. माझ्याकडून आज ते होणार नाही. ही आठवण मी चार वर्षं हळुवार करायचा प्रयत्न केला. ती होत नाही. ती आली की मला राग येतो, आणि आता मी तो आवरायचंही सोडून दिलं आहे.

मी चार वर्षांची असताना आई गेली. वडिलांची धाकटी बहीण आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि परत गेलीच नाही. वडील मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात होते, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. मी अकरा वर्षांची झाले आणि एका दुपारी वडीलही गेले, छातीत दुखतंय म्हणाले तेवढंच. क्वार्टर सोडावं लागलं. आत्याने आंबिवली स्टेशनजवळ एक खोली भाड्याने घेतली आणि एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधायच्या कामाला लागली. त्या काळी डॉक्टर गोळ्या कुटून त्यांची पूड देत. पांढऱ्या कागदाच्या चौकोनात ती पूड ठेवून आत्या अशी घडी घालायची की पुडी उलटी केली तरी कण सांडू नये. बोटांना ती सवयच लागली. माझ्या डब्यातलं मीठ-तिखट, वेणीचे आकडे, सहलीला द्यायची बडीशेप, सगळं तसल्या पुड्यांतून यायचं. तिला एक स्थळ आलं होतं, बिजवर पण चांगला नोकरदार. मुलीला वसतिगृहात ठेवा म्हणाला. आत्याने चहा दिला आणि त्याला वाटेला लावलं. हे मला तिने कधी सांगितलं नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेही माझ्या लग्नात.

दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. त्यात आईच्या नावाची जागा होती आणि एकही जागा रिकामी सोडायची नाही असं वर्गशिक्षिकेने बजावलं होतं. आत्या पेनाचं टोपण काढून बराच वेळ बसली. तिची अडचण अशी होती की गेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी लिहायचं असतं. पत्रिकेत लिहितात, वर्षश्राद्धाच्या कार्डावर लिहितात. परीक्षेच्या फॉर्मवर ‘कै.’ कसं घालणार? पोर पेपर लिहायला बसणार त्या कागदावर ते अक्षर नको. आणि ‘कै.’ न लावता नुसतं नाव लिहिणं म्हणजे, तिच्या लेखी, गेलेल्या बाईला उगाच हाक मारून उठवणं. शेवटी तिने स्वतःचं नाव लिहिलं. ठळक, नीट, रेघेला धरून. मी शेजारीच बसले होते. मला काय वाटलं ते मला स्वच्छ आठवतं: मला फार बरं वाटलं.

त्या गुणपत्रिकेवरून पुढचे सगळे कागद निघाले, पासपोर्टसुद्धा. माझा जन्माचा दाखला मात्र पत्र्याच्या पेटीत तळाशी होता आणि त्यावर आईचं नाव होतं. पंचवीस वर्षं या दोन कागदांची गाठ पडली नाही.

नवरा ठाण्याचा, नौपाड्यात वाढलेला. नोकरीसाठी परदेशी गेला, तिथलं नागरिकत्व घेतलं, मग वडिलांच्या आजारपणात परत आला आणि आमचं लग्न होऊन इथेच रमला. माणूस वाईट नाही, हे मी रागातही सांगेन. आत्या पहिल्यापासून आमच्याबरोबर, डोंबिवलीच्या याच घरात. आमची लेक तिच्या मांडीवर वाढली. मग त्याच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं, लेक नववीत होती, आणि तो म्हणाला, आता तिकडे जाऊया. त्याचा पासपोर्ट तिकडचा, त्यामुळे बायको-मुलीला नेणं सोपं, असं सगळेच म्हणत होते. नातेवाईक तर ‘नशीब काढलंस’ म्हणून मोकळे झाले. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, हळदीकुंकवाला एकच प्रश्न: कधी निघताय? आत्याचं काय करताय, हे एकाही बाईने विचारलं नाही. मला वाटायचं, विचारतील त्या दिवशी उत्तर शोधू.

ठाण्यात एका काचेच्या ऑफिसात परदेशी जाण्याचे अर्ज भरून देणारा सल्लागार होता. नवरा आणि मी गेलो. आत्याही आली, कारण परतताना तिला तलावपाळीवर जरा बसायचं होतं. त्या तरुण मुलाने माझे दोन कागद शेजारी ठेवले आणि त्याचा चेहरा बदलला.

“मॅडम, हे मॅच होत नाहीये. दाखल्यावर आई वेगळी, पासपोर्टवर वेगळी. तिकडे याला फ्रॉड म्हणतात.”

मी दहावीच्या फॉर्मची हकिगत सांगितली. तो हसला, तुच्छतेने नाही, पण हसला. मी विचारलं, आत्याला कधी नेता येईल का?

“या आई असत्या तर पुढेमागे पेरेंट्समधून ट्राय केलं असतं. आत्या फॅमिलीत येत नाही ना. त्यांच्याकडून अ‍ॅफिडेव्हिट घ्या, की मी हिची आई नाही. लगेच क्लिअर होईल.”

आत्या मांडीवर पिशवी धरून त्याच्या समोरच बसली होती. ती या खोलीत नाही अशा थाटात तो बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. दुसरा मार्ग नव्हता असंही नाही, त्यानेच सांगितला. मी स्वतः बोर्डात अर्ज करायचा, जुन्या नोंदी काढायच्या, आत्याच्या सहीची गरज नाही, पण वर्ष-दीड वर्ष सहज जाईल. नवरा म्हणाला, तेवढ्यात लेकीच्या शाळाप्रवेशाची वेळ टळेल. तलावपाळीवर आम्ही बसलो नाही. घरी येताना तो माझ्या कानाशी म्हणाला, “अगं, एक कागदच तर आहे. घरात काय बदलणार आहे?”

एक कागदच तर आहे! हे वाक्य आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. ज्या कागदावाचून तीन माणसं एकत्र विमानात बसू शकत नव्हती, तो आत्याच्या वाट्याला आला की नुसता कागद झाला. बरं, नवऱ्याने म्हटलं ते म्हटलं. मी काय केलं? पेरेंट्समधून पुढेमागे, हे शब्द मी ऐकले होते. त्या चुकीच्या नावामुळेच आत्या कधीतरी माझ्याकडे येऊ शकली असती, आणि त्याच नावामुळे आम्ही फसवे ठरलो असतो. मी रात्रभर तळमळले वगैरे काही नाही. मी सकाळी उठून तिला म्हटलं, आत्या, गुरुवारी कल्याणला जाऊन येऊ.

कोर्टाबाहेर टायपिस्ट ओळीने बसतात. आमच्या टायपिस्टने मसुदा आधीच तयार ठेवला होता, फक्त नावं घातली आणि वाचून दाखवलं. मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर मुलगी ही माझी मुलगी नसून माझ्या मयत भावाची मुलगी आहे. मी तिचा केवळ सांभाळ केला आहे. माझे नाव आई म्हणून नजरचुकीने नमूद झाले आहे.

आत्या म्हणाली, “ते ‘केवळ’ काढा.”

“काकू, फॉरमॅट आहे तो. सगळ्यांचा असाच असतो.”

“सगळ्यांचा असू दे. माझ्यातलं काढा. आणि नजरचुकीने कसं? मी बघून लिहिलेलं.”

“ते काढलं तर तुमच्यावरच केस होईल, काकू. केवळ काढतो हवं तर. नजरचूक राहू दे.”

आणि मी, जिचा सांभाळ झाला होता ती मी, घड्याळाकडे बघत होते. नोटरी जेवायला उठायच्या बेतात होता. मी म्हटलं, “आत्या, राहू दे ना ते ‘केवळ’, काय फरक पडतो? उशीर होतोय.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पान पुन्हा टाइप होईपर्यंत ती उन्हात उभी राहिली, मग प्रत्येक पानावर सही केली, त्याच ठळक अक्षरात. शेवटची सही झाल्यावर तिने विचारलं, “याची एक झेरॉक्स मला मिळेल का?” मी कशाला म्हणून विचारलं नाही. पुढे कामं मार्गी लागली. आम्ही निघालो त्या दिवशी तिने लेकीच्या हातावर दही घातलं, टॅक्सीत बॅगा नीट बसल्या का पाहिलं आणि जिन्याच्या दारातूनच परत फिरली.

त्या सल्लागारावर माझा राग आहे, कारण कुटुंब कुणाला म्हणायचं हे त्याने मान वर न करता सांगितलं. नियम करणाऱ्यांवर आहे, ज्यांच्या रकान्यात आठ दिवसांसाठी येऊन जन्मभर राहिलेल्या बाईला जागा नाही. आपल्या माणसांवरही आहे. आत्याने मुलगी सांभाळली तेव्हा किती त्याग म्हणून डोळे पुसणारी ही माणसं, मी तिला एकटी सोडून निघाले तेव्हा, मला पेढे द्यायला आली. पण हे सगळे राग मी एकेक करून पुढे ढकलते ते शेवटच्या रागाची पाळी येऊ नये म्हणून. ‘काय फरक पडतो’ हे कुणा अधिकाऱ्याने म्हटलं नव्हतं.

चार वर्षांत मी तीनदा आले. दिवसभराची एक बाई ठेवली आहे, ती चांगली आहे, पण आत्या पडली तेव्हा ती घरी गेलेली होती. तासभर आत्या ओल्या लादीवर पडून होती. मी येऊन पोचले तोवर शेजाऱ्यांनी तिला इथल्याच एका इस्पितळात हलवलं होतं आणि ऑपरेशनच्या संमतीसाठी डॉक्टर जवळच्या नातेवाइकाची वाट बघत होते. खिडकीतल्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला. “पेशंट तुमच्या कोण?” मी पेन घेतलं आणि आई लिहिलं. कुणी विचारून तर बघा, असं मला वाटत होतं.

स्ट्रेचर बाजूलाच होतं. आत्या सगळं बघत होती. दुखण्याने आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाली, “अगं, आत्या लिही. खोटं लिहू नकोस. पुढे पुन्हा कुणाला तरी सही करावी लागते.”

मी फॉर्म तसाच आत दिला. मुलीने वाचलाही नाही, शिक्का मारला आणि फाइलला लावला. पुरावा नाही, दाखला नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर आत्याने पहिली गोष्ट विचारली, “बदललंस का ते?” मी नाही म्हटलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “बरं.”

काळ जातो तसा राग निवतो, असं मला वाटायचं. निवत नाही. बाकीचं झिजून गेलं की तोच तेवढा राहतो, आणि खरं सांगायचं तर तो गेला तर माझ्याकडे त्या दिवसाचं काहीच उरणार नाही, म्हणून मीच त्याला जपते. येत्या रविवारी माझं परतीचं विमान आहे. मी जाणार आहे, हेही इथे लिहायला हवं, नाहीतर हा सगळा संताप फार सोवळा वाटेल. लेकीचं कॉलेज आहे, नोकरी आहे, नवरा फोनवर विचारतोय. आत्याला मी अजून वार सांगितलेला नाही. ती उठली की चहा देताना सांगेन. ती बरं म्हणेल.