मार्थाकाकूंचा संदेश

मार्थाकाकू पोळ्या लाटता लाटता देवाशी भांडायच्या. "प्रभू, या सॅम्याले गणित दे, नि माले सबुरी दे. आज दे, उद्या नको!" माहेर धुळ्याकडचं, म्हणून यावलला येऊन इतकी वर्षं झाली तरी प्रार्थना अहिराणीतच. भिंतीपलीकडून मी त्यांची हुबेहूब नक्कल करायची. मग लाटणं आपटून त्या ओरडायच्या, "वं नकलाबाई, आमेन तरी म्हन!"

एक गोष्ट मात्र त्या कधी हसून बोलल्या नाहीत. चर्चमधल्या बाया कोणी शिक्षिका, कोणी नर्स. "प्रभूनी यास्ले बठ्ठास्ले काम दिधं. माले काय? तीन पोरं नि चूल."

यंदा पास्टरांनी महिला रविवारचा संदेश, म्हणजे चर्चमधलं प्रवचन, त्यांनाच द्यायला सांगितलं. काकू हरखल्या. "हेच माले प्रभूनं बोलावनं व्हई!" रोज माझ्यापुढे सराव. मी पास्टरांचा आवाज काढायची, "प्रिय बंधू-भगिनींनोऽऽ", की त्या हसत खाली बसायच्या आणि परत उठून उभ्या राहायच्या.

त्या रविवारी कडक इस्त्रीची साडी, हातात बायबल, अशा थाटात काकू निघाल्या, सोबत मी. समोरच्या ओट्यावर पाटलांची सून ज्योती, कुशीत महिन्याभराचं बाळ. बाळ किंचाळत होतं आणि तीही रडत होती. घरचे लग्नाला गेलेले.

"काकू, हा थांबतच नाही. मला आई होणं जमतच नाही हो."

काकूंनी चर्चच्या दिशेनं बघितलं. घंटा वाजत होती. मग बायबल माझ्या हातात कोंबलं आणि पदर खोचला. "दे इकडे. माले बी जमत नव्हतं. सॅम्या झाया तवय मी बी रोज रडनी."

बाळ खांद्यावर घेऊन त्यांनी ज्योतीला चहा पाजला, आडवं केलं. मोबाइल सारखा थरथरत होता. पास्टरांचे फोन. त्यांनी तो उशीखाली सारला, ज्योतीच्या केसांवरून हात फिरवत अख्खा संदेश तिला सांगितला. हळू, घरच्या बोलीत. तो आवाज मला अजून काढता येत नाही.

चर्च सुटल्यावर काकूंना शोधत पास्टर तणतणत पाटलांच्या दारात आले. "अहो मार्थाबाई, सगळी मंडळी खोळंबली होती तुमच्यासाठी!"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"संदेश कोनी बी देई, पास्टर. हिले आज मायच पाहिजे व्हती. नि आते हळू बोला. मन्ही मंडळी झोपेल शे."