बंडखोराची बोली
टेम्सकाठी आमच्या शेजारची धोबीण इझबेल मूळची पार उत्तरेकडची. लंडनला आली आणि गावाकडचं बोलायचं सोडलं, कारण तिनं तोंड उघडलं की सगळी गल्ली हसायची. पण राजाविरुद्धच्या बंडाचं नाटक लागलं, की ती पिळायचे कपडे तसेच टाकून मला नाटकाला ओढायची. त्यातला बंडखोर सरदार थेट तिच्या मुलखातलं बोलायचा. लोक खिदळायचे, ही मात्र त्याचा शब्द न् शब्द ओठांत पुटपुटायची.

लढाईत तो पडला की लगेच निघायची.

“थांब की गं,” मी वैतागायचे. “उभं राहून पाय मोडले माझे. राजा जिंकतो ते तरी बघू.”

“राजा रोजच जिंकतो, बाई. आमच्यासारखं बोलणारा तेवढा एकच होता.”