उपासाच्या दिवशी घेतलेला श्वास

हे लिहावं की नाही, याचा बराच विचार केला. जे झालं त्याला अनुभव म्हणायचं का, हेही मला नीट ठाऊक नाही. पण गेल्या उन्हाळ्यात देव माझं ऐकतो की नाही, अशी शंका मनात घर करून बसली होती, एवढं खरं. निपाणीला आई विड्या वळते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मला शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं होतं आणि त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी आठशे मीटर धावण्याची चाचणी असते. मला मात्र लहानपणापासून दमा. बरोबरच्या मुली गप्पा मारत धावायच्या आणि मी अर्ध्या वाटेत गुडघ्यांवर हात टेकून उभी राहायची. एकदा, फक्त एकदा न थांबता धावता यावं, एवढंच मारुतीकडे मागत होते.

त्यासाठी शनिवार धरले. आईनं शिकवलेला कडक उपास, दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. दम्याचा पंपही मी त्यातच धरला. तोंडातून घ्यायचं औषध, म्हणजे उपास मोडणारच, असं वाटलं. कुणाला विचारायची लाज वाटली.

सकाळी वर्ग असायचे, म्हणून सराव दुपारी. एप्रिलातल्या एका शनिवारी कॉलेजजवळच्या येलहंक्याच्या तळ्याकाठी दुसऱ्याच फेरीला छाती आवळली, घशातून शिट्टी वाजू लागली. रस्ता उन्हानं पांढरा पडला होता, माणूस दिसत नव्हतं. मी झाडाखाली बसले आणि तुटक आवाजात ‘मारुतीराया’ म्हणत राहिले.

“कोण गं, मराठी काय तू?” भाजीची पिशवी घेतलेल्या एक वयस्क बाई थांबल्या होत्या. इथल्या जुन्या मराठी घरातल्या असाव्यात, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. “दमा? पंप नाही?”

मी खिशाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. “उपास... शनिवार...”

“अय्यो! वायूचा पोरगा तो, आणि त्याच्यासाठी तू वाराच बंद केलास? घे आधी. रागावला तर माझं नाव सांग त्याला!”

त्यांनी मला ताठ बसवलं, पंप हलवून हातात दिला. “स्वल्प थांब. हं, आता आणखी एक.” हळूहळू छाती मोकळी झाली. मग पाण्याची बाटली पुढे आली. मी प्यायले आणि रडले. त्या ओसाड दुपारी माझी हाक समजणारं माणूस तिथं कसं आलं, मला सांगता येणार नाही. ‘अक्का म्हण’ म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी दुपारचं धावणं बंद केलं, पहाटेची वेळ दिली, धावण्याआधी पंप घ्यायला सांगितलं. चाचणीत मी पहिल्यांदाच न थांबता शेवटपर्यंत धावले. तरी चार सेकंद उशीर झाला आणि प्रवेश हुकला.

खूप वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मी श्वास मागत होते आणि तो कुठल्या वाटेनं यावा, हेही मीच ठरवत होते, एवढं आता कळतं. जे मिळालं त्याबद्दल हात जोडते. पुढच्या वर्षी पुन्हा धावणार आहे. ते चार सेकंद मला फार हवेत. रोज मागते. कसे द्यायचे, ते त्याच्यावर सोडलं आहे.