‘रन’ची दोनशे चौदा कार्डं

कुमुद गेली त्यानंतरच्या तेरा दिवसांत बळवंत खांबेटे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत राहिले. "कधी बोलली नाही हो. इतका त्रास होत असणार, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही." दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका आल्या त्यांना हेच, सोसायटीतले शर्मा-गुप्ता आले त्यांना हेच हिंदीतून. त्याआधी इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं होतं, "पहले कुछ बताया था इन्होंने? साँस फूलना, हाथ में दर्द?" तेव्हाही बळवंतराव म्हणाले होते, "नहीं जी. कभी नहीं." खोटं बोलणाऱ्यातला हा माणूस नव्हे. सव्वीस वर्षांच्या सरकारी नोकरीत ऑफिसची टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

त्या वाक्याने बाकीच्यांचं काही बिघडलं नाही. लोक हळहळले, चहा घेऊन गेले. बिघडलं ते स्वरूपाचं. बळवंतरावांची ही एकुलती एक मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि गुडगावात नव्याने उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करायची. सकाळी सातला निघायची, रात्री जेवायच्या वेळेला उगवायची. वडिलांचं वाक्य तिने ऐकलं, खरं मानलं आणि आईवर रागावली.

"मला तर सांगायचं ना तिने," ती म्हणाली. "मी सुट्टी नसती घेतली का? डॉक्टरकडे नसती नेली? आईने माझ्यावर भरोसाच नाही केला, बाबा."

मेलेल्या माणसावरचा राग फार वाईट. जिवंत माणूस निदान उलट उत्तर तरी देतो. स्वरूपाने आईचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. साड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवून दिला. वर्षश्राद्धाला भटजी आले, तर ही "यार, जरुरी मीटिंग आहे" म्हणून निघून गेली.  पोरीचं दुःख आहे, निवेल कधीतरी, असं बळवंतरावांनी धरलं होतं.

आता बळवंतराव काय करायचे ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या युद्धकाळातल्या बैठ्या बराकीत केंद्र सरकारचं एक कार्यालय होतं आणि त्यात एक कोश विभाग होता. इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द द्यायचे, एवढंच त्याचं काम. शब्दाच्या प्रत्येक अर्थासाठी वेगळं कार्ड. कार्डावर वर अर्थ, मधे मराठी उदाहरण, आणि उजव्या कोपऱ्यात ते वाक्य कोणाच्या तोंडचं, कुठे ऐकलं, कोणत्या तारखेला, याची नोंद. जुन्या संचालकांनी नियम घालून दिला होता की उदाहरण टेबलावर बसून रचायचं नाही, ते कोणाच्या तरी तोंडून आलेलं असलं पाहिजे. दिल्लीत बसून मराठी तोंडं आणायची कुठून? बाकीचे लोक टाळाटाळ करून वाक्यं रचत. बळवंतरावांनी मात्र कोरी कार्डं घरी न्यायची लेखी परवानगी काढली आणि बायकोला कामाला लावलं.

त्र्याण्णव साली त्यांच्या वाट्याला ‘रन’ हा शब्द आला. एवढासा शब्द, पण खोदावं तितका खोल. माणूस धावतो तो रन, दुकान चालवलं तरी रन, नळाची धार, नाकाचं वाहणं, कपड्याचा रंग जाणं, निवडणुकीला उभं राहणं, ताप असणं, क्रिकेटची धाव, सगळं त्याच पोतडीत. ‘वाहणे’ आणि ‘गळणे’ यांचा निकाल लावायला विभागात दोन समित्या बसल्या आणि दोन्ही चहा पिऊन उठल्या. एका शब्दावर चार वर्षं गेली. देश तिकडे नवी धोरणं आखत होता, जमुनेपार रोज एक सोसायटी उगवत होती, आणि बळवंतराव ‘रन’ खणत होते.

त्याच वर्षी त्यांनी घर बदललं होतं. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर तळमजल्याचं होतं, दारात कढीपत्ता होता. पटपडगंजच्या सोसायटीत स्वतःचा फ्लॅट झाल्यावर क्वार्टर अडवून ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. सोसायटीत मजले चिठ्ठ्या टाकून वाटले गेले आणि खांबेट्यांना चौथा निघाला. लिफ्टसाठी उभी पोकळी बांधून ठेवली होती, लिफ्ट ‘बस, आने ही वाली’ होती. पाण्याला वरपर्यंत जोर नव्हता. सकाळी सातनंतर बादली घेऊन खाली उतरावं लागे, आणि ते काम अर्थातच कुमुदचं.

संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांची चार्टर्ड बस पकडून बळवंतराव घरी येत, हातपाय धूत, चहा घेत आणि कार्ड पुढे ओढत. समोर कुमुद मटार सोलत नाहीतर मेथी निवडत बसलेली. ते अर्थ सांगायचे, ती वाक्य द्यायची. बाई मूळची वाईची, जिभेला धार. कपड्याचा रंग जाण्याला तिने दिलं, "चांदणी चौकातल्या साडीचा रंग गेला, आणि जाता जाता यांचा बनियन गुलाबी करून गेला." निवडणुकीला तिचं म्हणणं, "सोसायटीला जो उभा राहतो तो नंतर फोटोतच दिसतो." चालवण्याला, "घर चालवते मी आणि दारावर पाटी यांची." विभागात ही वाक्यं वाचून लोक हसत. विश्वास पेंडसे नावाचे शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणत, "खांबेटे, कोश तुमच्या मिसेसच करतायत, तुम्ही नुसते कारकून." बळवंतरावांना त्याचा अभिमान वाटे.

एक गोष्ट मात्र खरी. एरवी कुमुद काही बोलू लागली की हे वर्तमानपत्राआडून "हं, हं" करायचे. कान द्यायचे ते फक्त हातात पेन असताना. सव्वीस वर्षांच्या संसारात हे तिला कळलं नसेल असं कसं म्हणावं?

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, भाजीची पिशवी घेऊन वर येताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर ती खाली बसली ती उठलीच नाही. जिन्यावर मटार सांडले होते. लिफ्ट त्यानंतर चार महिन्यांनी आली.

आणि पुढच्या मार्चमध्ये कोश विभागाचा गाशा गुंडाळायचा हुकूम निघाला. आता हे काम कॉम्प्युटरवर होणार होतं, कोण करणार आणि कधी ते हुकुमात नव्हतं. कार्डं रद्दीत जायची होती. पण सरकारात रद्दीलासुद्धा शिस्त लागते. जुने कागद सालवार, तारीखवार गठ्ठे बांधून जमा करावेत, म्हणजे कोणत्या सालापर्यंतचे नष्ट केले ते दाखवता येईल, असा नियम होता. म्हणजे आयुष्यभर अर्थाप्रमाणे लावलेली कार्डं मोडायची आणि तारखेप्रमाणे लावायची. पेंडसे म्हणाले, "सोडा हो. कोण बघतंय?" बळवंतराव सोडणाऱ्यातले नव्हते.

‘रन’ची दोनशे चौदा कार्डं त्यांनी टेबलावर ओतली आणि सालं लावू लागले. त्यांतली साठएक कुमुदची होती, कोपऱ्यात ‘कु. खां., पटपडगंज’ असं त्यांच्याच बारीक अक्षरात. तिचं नाव दिसलं की हात जरा थांबायचा, मग पुढे जायचा. दुपारी तीनच्या सुमाराला कार्डं लागली. खिडकीतून ऊन आलं होतं. बळवंतरावांनी गठ्ठा बांधण्याआधी क्रम तपासायला म्हणून वरपासून वाचायला घेतलं.

त्र्याण्णव सालची कुमुद हसत होती. चौऱ्याण्णवमध्ये पाण्याची कटकट आली. पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत, ‘धावत जाणे’: "आर. के. पुरमला मी धावत जाऊन दूध आणायची, इथे उतरायचाच विचार करावा लागतो." डिसेंबरात, ‘संपणे’: "तिसऱ्या मजल्यावर दम संपतो आणि चौथा मजला शिल्लक असतो." शहाण्णवच्या एप्रिलमध्ये, ‘अमुक वेळ चालू राहणे’: "वर आल्यावर धाप लागते ती अर्धा तास चालते."

बळवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

ऑगस्ट शहाण्णव. ‘शरीरातून सरकत जाणे’: "डाव्या हातातून कळ निघते ती बोटांपर्यंत उतरते." हे कार्ड त्यांना नीट आठवत होतं. कळ ‘जाते’ की ‘उतरते’, यावर विभागात वाद झाला होता. घरी येऊन त्यांनी कुमुदला मुद्दाम परत विचारलं होतं, "नक्की सांग, उतरते की जाते?" ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "उतरते." "वा, अस्सल," ते म्हणाले होते आणि दुसऱ्या दिवशी पेंडशांशी वाद जिंकले होते.

नोव्हेंबर. ‘घराण्यात असणे’. तिने वाक्य दिलं होतं, "आईला हे होतं, आजीला हे होतं, आमच्या घराण्यातच आहे हे." त्यांनी हरकत घेतली होती, ‘हे’ म्हणजे काय ते वाचणाऱ्याला कसं कळणार? "बरं मग, विसरभोळेपणा लिहा," कुमुद म्हणाली होती आणि कुकर बघायला उठली होती. कार्डावर ‘हे’ खोडून त्यांनी वर ‘विसरभोळेपणा’ लिहिलं होतं. कुमुदची आई पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेली होती. ते जावई म्हणून खांदा द्यायला गेले होते.

शेवटचं कार्ड सत्त्याण्णवच्या जानेवारीतलं होतं.  बळवंतराव ते वाचत असताना पेंडशांनी दोनदा हाक मारली. मग बळवंतरावांनी गठ्ठ्यातली सहा कार्डं काढली, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि रजिस्टरमध्ये कार्डांची संख्या लिहिली दोनशे चौदा. सव्वीस वर्षांतली ती त्यांची पहिली चोरी आणि पहिली खोटी नोंद.

ती कार्डं आठवडाभर कोटातच राहिली. दाखवली नाहीत तर स्वरूपाचा राग आईवर राहणार होता. दाखवली तर तो कुठे वळणार, हे कळायला कोशकार असायची गरज नव्हती. बायको गेली होती, नोकरीचा शेवटचा पंधरवडा होता, पोरगी तेवढी उरली होती. माणसाने गप्प बसावं असं सगळं होतं. बळवंतरावांना मनापासून गप्पच बसायचं होतं. पण कपाट उघडलं की खालच्या कप्प्यात फोटो पालथा दिसायचा. कुमुदने न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा ती भोगत होती, आणि साक्ष यांची होती.

रविवारी सकाळी स्वरूपा केस धुऊन बाल्कनीत उन्हाला बसली होती. बळवंतरावांनी सहा कार्डं तिच्या मांडीवर ठेवली.

"हे काय आहे?"

"तारखांच्या क्रमाने वाच," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगितलं ना, की ती कधी बोलली नाही. ते चुकीचं आहे."

ती अडखळत वाचू लागली. दुसरं संपवून तिसऱ्यावर थांबली.

"धाप म्हणजे?"

हजारो शब्दांचे मराठी अर्थ लिहिलेल्या माणसाने हा एक हिंदीत सांगितला. "हाँफना," ते म्हणाले.

ती पुढे वाचत गेली. हाताच्या कळेचं वाचलं. खोडलेल्या ‘हे’वरून बोट फिरवलं. मग शेवटचं उचललं. ‘कोणाकडे धावत येणे’: "स्वरूपाला सांगू नका, पोरीची नवी नोकरी आहे, सगळं टाकून धावत येईल." कु. खां., पटपडगंज, १९-१-९७.

स्वरूपाने ते दोनदा वाचलं. खाली कोणीतरी लिफ्टचं दार ओढलं. तिने वडिलांकडे पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अजून नव्हता. ती फक्त विचारत होती.

"ती तुम्हाला हे सगळं सांगत होती, बाबा? मग तुम्ही काय केलं?"

"लिहून घेतलं," बळवंतराव म्हणाले.