शेकलेली गिटार

आधी माफी मागतो. आमच्या घरात कागदावर लिहिणारा मी पहिलाच, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात. आपल्याविषयी लिहावं आणि ते दुसऱ्यानं वेळ काढून वाचावं, असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. त्यात विषय गिटारीचा, आणि मला गिटार वाजवता येत नाही. माझ्याकडे एक गिटार होती, एवढंच. तरी तिची जी किळस मनात बसली आहे ती कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय जायची नाही असं वाटतं, म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडे, फाट्यावर उतरून अर्धा तास पायी. मी चौथीत असताना वडील गेले. मायच्या जोडीनं मला आणि धाकट्या बहिणीला चुलत्यानं वाढवलं. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या रस्त्याच्या कामावर खडी फोडतात. मी जालन्याला कॉलेजात जाईन हे माझ्याआधी त्यांनी ठरवलं होतं.

धर्म बदलायच्या आधी तात्या हलगी वाजवत. त्यांच्यासारखी हलगी आसपासच्या दहा गावांत कोणी वाजवत नव्हतं, असं म्हातारी माणसं सांगतात. पण ते वाजवणं हौसेचं नव्हतं. बोलावलं की जायचं, दाराबाहेर उभं राहून वाजवायचं आणि शिळंपाकं पदरात घेऊन यायचं. त्याच गावकीत मेलेली जनावरं ओढून नेण्याचं कामही होतं. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा दोन्ही कामं एकाच दिवशी सोडली. तात्यांनी आपली हलगी स्वतःच्या हातानं चुलीत घातली. मी तेव्हा रांगत होतो. त्यानंतर त्यांनी कशावरही ठेका धरलेला मी पाहिला नाही. पोरं रिकामा डबा बडवायला लागली तरी ते उठून बाहेर जात.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका डॉक्टरांच्या मुलानं गिटार वाजवली आणि माझं डोकं फिरलं. वाद्य आवडलं असं म्हणणं पूर्ण खरं होणार नाही. मला आवडलं ते हे, की ते वाद्य कोणाचंच नव्हतं. देवळाचं नाही, तमाशाचं नाही, गावकीचं नाही. ते हातात घेणाऱ्याला, तू कोणाचा, असं कोणी विचारणार नव्हतं. शिष्यवृत्ती हातात आली तेव्हा मी पुस्तकं घेतली नाहीत. औरंगाबादला जाऊन पेट्या-तबले विकणाऱ्या एका दुकानातली सगळ्यात स्वस्त गिटार घेतली. दुकानदार म्हणाला, “शिकाऊ माणसाला हीच बराबर आहे.” स्वस्त माल विकताना सगळेच असं म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं.

ती गिटार ओंगळ होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. तिच्यावरचं रोगण कधी पुरतं वाळलंच नाही. मांडीवर घेतली की सदऱ्याचे धागे, हातावरचे केस, बोर्डिंगातली धूळ, सगळं तिला चिकटे. तारा लाकडापासून इतक्या उंच होत्या की दाबता दाबता बोटं फाटत, आणि तारांचा गंज त्या चिरांत जाऊन बोटांची टोकं काळी पडत. त्याच बोटांनी मेसमध्ये भाकरी मोडायची म्हणजे तोंडात लोखंड आल्यासारखं वाटे. खुंट्या तर धरूनच राहत नसत. मी सूर लावून मान वर करीपर्यंत तार सैल झालेली असे. शेवटी सायकलवाल्याची पकड आणून पिळू लागलो.

माझा खोलीतला सोबती परतूरचा, कापसाच्या बाजारात वाढलेला. तो पांघरुणातून तोंड काढून म्हणायचा, “आमच्याकडं पिंजाऱ्याची कमान ह्याच्यापेक्षा गोड वाजती. अन् वर गादी भरून निघती ते येगळंच.”

मग पावसाळा आला आणि खोलीत वास सुटला. उंदीर मेला असेल म्हणून आम्ही दोघांनी खाटा उचलल्या, कोपरे झाडले.

“तुझ्या ट्रंकेत भाकरी सडून राह्यली का बघ,” सोबती म्हणाला.

“माझ्या ट्रंकेत पुस्तकंच आहेत.”

“पुस्तकं कुठली? त्याची तर ही अवदसा आणलीस ना!” असं म्हणत त्यानं गंमत म्हणून गिटारीच्या भोकाला नाक लावलं आणि झटक्यात मागं सरला. “अरे, हिच्यातच कायतरी मेलंय!”

मी नाक लावलं. खरंच होतं. उंदराचा वास नव्हता तो. जड, गोडसर, घशाशी येऊन बसणारा वास.

बोर्डिंगाजवळ एक म्हातारे सुतारचाचा होते. मी गिटार त्यांच्याकडे नेली. त्यांनी आत बोट घालून वाळलेला तपकिरी गठ्ठा खरवडून काढला आणि मला दाखवला.

“सरस है बाबा. लकडी चिपकाने का. जानवर की खाल, हड्डी, खुर, सब उबालके बनाते. अच्छा सरस इतना बास नहीं मारता, ये सडेला है. पानी से बचाना. और आग के पास तो बिलकुल मत ले जाना. सब छूट जाएगा.”

मी मान हलवली. खोलीवर येऊन हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. आमच्या वस्तीतल्या बायका सांगतात की दीक्षेनंतर कितीतरी दिवस पुरुष माणसं नदीवर जाऊन वाळूनं हात घासत. जे घासून घालवलं ते मी शिष्यवृत्तीच्या पैशानं विकत आणलं होतं, असं माझ्या मनात आलं. मी ते कोणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांच्या मुलाला एवढंच विचारलं, की अशी गिटार नीट होते का. तो म्हणाला, “माझी पहिली तसलीच होती. उन्हाळ्यात तिचं पोट फाटलं. पप्पांनी दुसरी आणली.” त्याचं उत्तर तिथं संपलं.

मी ती विकून टाकायला हवी होती. पण तोवर तात्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, की दसऱ्याला, आमच्या धम्मदीक्षेच्या कार्यक्रमात, आमचा पोरगा नवा बाजा वाजवून गाणं म्हणणार. ज्या माणसानं अठरा वर्षं वाद्याचं नाव काढलं नव्हतं तो माणूस खडीच्या ढिगावर बसून माझ्या गिटारीबद्दल बोलतो, हे मला मायनं सांगितलं होतं. मी तीन सूर कसेबसे बसवले आणि दसऱ्याच्या दिवशी निघालो.

कंडक्टरनं गिटारीकडे बघून विचारलं, “प्रेत घेऊन चालला का? टपावर टाक.” मी पोतं गुंडाळून ती टपावर बांधली. राजूर यायच्या आत परतीचा पाऊस आला. फाट्यावर उतरवली तेव्हा पोत्यातून पाणी गळत होतं.

घरी गेल्यावर वाजवून पाहिली. भिजलेल्या घोंगडीवर काठी मारावी तसा आवाज आला. दिवस मावळायला होता, विहारात सतरंज्या टाकणं चालू होतं आणि अंगणात शेजारपाजार जमला होता. तात्यांनी माझ्या हातून गिटार घेतली. त्यांनी ती घेतली, तेव्हा जपून घेतली, तान्हं पोर घ्यावं तशी. बोटाच्या टोकानं पोटावर टिचकी मारली, कान लावला.

“ओल धरली बाबा हिनं,” ते म्हणाले. “शेकावी लागंल.”

त्यांनी तुराट्या मोडून जाळ केला आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. ढिली पडलेली हलगी अशीच शेकतात, चामडं ताणून यावं म्हणून. गिटार त्यांनी जाळापासून हातभर लांब धरली, सावकाश फिरवली, टिचकी, कान, पुन्हा फिरवली. शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, “तात्या, हात इसरला न्हाई गं बया अजून!” तात्या हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

आता जे लिहायचं त्याच्यासाठी हे सगळं लिहिलं.

मला माहीत होतं. आगीजवळ नेऊ नको हे चाचांचं वाक्य मला पाठ होतं. ‘तात्या, शेकू नका’ एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण ते म्हणालो असतो तर कोणीतरी विचारलं असतं, का? आणि मग आत काय आहे ते त्या दिवशी, त्या अंगणात, सगळ्यांपुढे सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो. काही होणार नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. आणि खरंच, थोड्या वेळानं तात्यांनी तार छेडली तर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्यातून बरा आवाज निघाला. लोक ‘वा वा’ म्हणाले.

मग वास सुटला. खोलीतला वास त्याच्यापुढे काहीच नव्हता. लोक इकडेतिकडे पाहू लागले. माय नाकाला पदर लावून घरातून बाहेर आली.

“ह्यो वास कुठून येऊन राह्यला?”

कशाचा, असं तिनं विचारलं नाही. कुठून, एवढंच विचारलं. तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो वास ओळखीचा होता. तात्यांनी गिटार मागं घेतली, तोच तारा ज्या लाकडी पट्टीला बांधलेल्या असतात ती घोडी कडकन सुटली. तारा तात्यांच्या मनगटावर बसल्या. घोडी जाळात पडली. ती होती तिथून तपकिरी चिकट लगदा हळूहळू ओघळू लागला.

मी ओरडलो. मी तात्यांवर ओरडलो.

“हे काय चामडं हाय का शेकायला? अठरा वर्षं झाली, तरी तुमच्या हातातून हलगी सुटंना का?”

आत चामडंच होतं. आणि ते त्या अंगणात एकट्या मला माहीत होतं.

तात्यांनी घोडी राखेतून काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, माझ्याजवळ ठेवली.

“चुकलं बाबा,” ते म्हणाले. “मला वाटलं, सगळी वाद्यं सारखीच.”

मग त्यांनी जाळ विझवला आणि ते नदीकडे गेले. हात धुवायला गेले असावेत. कार्यक्रमाला आले नाहीत. मीही गायलो नाही. बहिणीनं नुसत्या तोंडानं गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशी गिटार आहे तशी कोपऱ्यात टाकून, ‘जाळून टाका’ म्हणून मी जालन्याला परतलो.

दिवाळीला गेलो नाही. तात्यांनी आमच्या घरी येणं सोडल्याचं बहिणीच्या कार्डावरून कळलं. एरवी ते रोज संध्याकाळी यायचे. खोलीतला वास गेला होता, तरी मला तो येई. जेवताना, वाचताना, आणि आपल्याच हाताला. तेव्हा कुठं कळलं की किळस गिटारीची नव्हती. ती बिचारी एक वाईट बांधलेली पेटी होती.

संक्रांतीनंतर मी तात्यांना पत्र लिहिलं. पाच-सहा वेळा फाडलं. तात्यांना वाचता येत नाही, म्हणजे बहीण ते ओसरीत मोठ्यानं वाचणार आणि सगळे ऐकणार, हे माहीत होतं. तरी लिहिलं. सरस कशाचा असतो ते लिहिलं. चाचांनी मला आधीच बजावलं होतं ते लिहिलं. तुम्ही शेकत होता तेव्हा मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, चूक तुमच्या हाताची नव्हती, माझ्या तोंडाची होती, असं लिहिलं.

उत्तर आलं नाही. परीक्षा आली, गेली. मी सुट्टीतही जालन्यातच काम धरून राहिलो. गावाकडचं कोणी भेटलं की मी घरचं विचारायचो, पण तात्यांचं नाव घ्यायचो नाही.

मग एके दिवशी बहिणीचं पत्र आलं. शाळेचं, शेळीचं, मायच्या गुडघ्याचं सगळं लिहून झाल्यावर खाली बारीक अक्षरात होतं:

“तुझं पत्र तात्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग तुझी गिटार त्यांच्या घरी घेऊन गेले. कढत पाणी टाकून टाकून आतला सगळा सरस धुतला. माय म्हणाली, कशाला हात लावता त्या घाणीला. तर म्हणले, लई घाण काढली जन्मात, एवढी अजून काढतो. आठ दिवस सावलीत वाळवली. सायकलवाल्याकडून नट-बोल्ट आणून घोडी आवळली. आता वास येत नाही, मी नाक लावून पाहिलं. तिला दोनच तारा राहिल्यात. तात्या म्हणतात, पोराला लिही, चार तारा कमी पडतात, येताना घेऊन ये.”