डबीत मुरलेलं लोखंड

विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत सगळे तिला बाई म्हणत. घरी मात्र सासऱ्यांनी तिचं नाव ‘खडीवाली’ ठेवलं होतं, तेही कौतुकानं.

बाईंचं काम दगड फोडण्याचं नव्हतं, बनवण्याचं होतं. दगडाची चिमूटभर पूड प्लॅटिनमच्या इवल्याशा डबीत भरायची, डबीचं तोंड बंद करायचं आणि ती एका धिप्पाड दाबयंत्रात ठेवून तापवायची. जमिनीच्या पोटात असतो तसा दाब आणि तशी उष्णता तिथं तयार व्हायची. मग वीज तोडली की वितळलेला रस जागच्या जागी थिजायचा आणि त्यात तोवर कुठले स्फटिक धरले होते ते मायक्रोस्कोपखाली दिसायचं.

चाळिशीत बाईंच्या हाती चंद्रावरच्या दगडाचा तुकडा आला, अभ्यासापुरता उसना. सासरे मुद्दाम बघायला आले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. काचेच्या पेटीशी डोळे नेऊन त्यांनी तो कापडासारखा निरखला.

“सूनबाई, हा तर आपल्या गच्चीवर डांबर सांडलंय, त्यातलाच वाटतो.”

“बाबा, तीनशे कोटी वर्षांहून जुना आहे तो.”

“असेल. वय दिसत नाही हो तोंडावर.”

बाईंना शोधायचं होतं ते एवढंच, की हा दगड ज्या रसातून थिजला तो चंद्राच्या पोटात किती खोलवरून वर आला? रसातून हिरवे आणि तपकिरी असे दोन प्रकारचे स्फटिक ज्या दाबाला एकदम निघतात, तो दाब खोली सांगतो. तुकडा वापरून संपवायचा नव्हता, म्हणून त्यांनी त्याच प्रमाणात रसायनं मिसळून तशीच पूड केली. अशाच दगडावर त्यांच्या सरांनी पूर्वी काम केलं होतं आणि सरांचा आकडा सगळे मानत होते.

बाईंचा आकडा मात्र एका जागी ठरेना. जास्त वेळ शिजवलं की उत्तर सरकायचं. त्यांनी वजनकाटा बदलला, तापमापक तपासला, पूड नव्यानं केली. नाकी नऊ आले. नवरा म्हणायचा, “चार दिवस सुटी घे, दगड कुठं पळून जात नाही.” पण सुटीतही त्यांचं चित्त तळघरातच.

एरवी डबीचं कवच सोलून त्या टाकून देत. एकदा ते इतकं चिकटलं की सुटेना. वैतागून बाईंनी कवचासकट सगळं घासलं आणि कशात कुठलं मूलद्रव्य आहे ते सांगणाऱ्या यंत्राखाली सरकवलं. किरण चुकून कवचावर पडला आणि तिथं लोखंड दिसलं. त्यांनी जागा बदलली. तिथंही लोखंड. रसातलं लोखंड प्लॅटिनम हळूहळू पीत होतं. वेळ जास्त, तेवढं ते जास्त पीत होतं, आणि लोखंड घटलं की स्फटिक निघायचा दाबही बदलत होता.

बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी सरांचा जुना निबंध काढून पाहिला. सरांनीही प्लॅटिनमच्याच डब्या वापरल्या होत्या.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बाई गेल्या तेव्हा ते कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. झारी रिकामी झाली तरी हातात तशीच.

“म्हणजे अगं, इतकी वर्षं मी चंद्राचा दगड शिजवतच नव्हतो?”

“शिजवत होतात, सर. फक्त त्यातलं मीठ डबीनं खाल्लं.”

सर हसले. आधी थोडं, मग चांगलेच.

“आता कशाची डबी घेतेस?”

“ग्राफाइटची, ते लोखंड पीत नाही. पण डब्या कोरताना फुटतात.”

“तुझा हात जड आहे, पहिल्यापासून. सोमवारी येतो मी.”

आणि ते खरंच आले. सर डब्या कोरायचे, बाई भरायच्या, आणि पूड किती दाबावी यावरून दोघांचं रोज वाजायचं. काही महिन्यांनी एका दाबाला हिरवे-तपकिरी स्फटिक एकत्र निघाले. बाईंनी वेळ वाढवून पाहिला, आणखी वाढवला. उत्तर हललं नाही. सगळे मानत होते त्याहून कितीतरी खोलवरून रस आला होता.

निबंध लिहिताना आपले जुने आकडे यापुढे वापरू नयेत, हा परिच्छेद सरांनी स्वतः लिहिला. बाई म्हणाल्या, “सर, जरा सौम्य लिहू या का?”

“राहू दे. दुसऱ्या कुणी खोडण्यापेक्षा आपण खोडलेलं बरं. आणि त्या वाक्यात ‘कदाचित’ नको, उगाच.”

आता बाईही निवृत्त आहेत. तळघरात नवं यंत्र आलंय, पण जुन्यावर सकाळी त्याच बसतात. सध्या मंगळाच्या दगडाचं मिश्रण चालू आहे आणि उत्तर काही केल्या येत नाही. दुपारी नवरा न्यायला येतो. बाई खालूनच ओरडतात, “दोन मिनिटं.” तो पायरीवर बसतो आणि पिशवीतून वर्तमानपत्र काढतो.