बिनआवाजाचा खेळ

लोडशेडिंगमुळे मी शिकवायला शिकले, असं म्हटलं तर आमच्या क्लासचे मालक अजूनही हसतील. बदलापूरला कात्रपमध्ये, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवायची. अंबरनाथ पश्चिमेहून मी घामाघूम होऊन पोहोचावं आणि लगेच लाइट जावी, हे ठरलेलं. मुलं चेकाळायची, मी चिडायची. एके दिवशी चिडूनच म्हटलं, "मशीन बंद आहे ना? मग आता तुमच्यातलाच एक जण मशीन."

खेळ जमला. एकाने मशीन व्हायचं, बाकीच्यांनी हुकूम द्यायचे. मशीनने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, एवढाच नियम. "पुढे चल" म्हटलं की मशीन सरळ भिंतीवर जाऊन आदळायचं, कारण भिंत आली तर काय करायचं हे कोणी सांगितलेलंच नसायचं. "मॅडम, इसको बोलना पडेगा ना, भिंत आली तर थांब!" एक जण ओरडला. फळा भरभरून लिहूनही जे 'जर, तर, नाहीतर' कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते त्या अंधाऱ्या गाळ्यात सगळ्यांना कळलं.

मग मी प्रत्येकाला आपापल्या घरातलं एक जर-तर सांगायला लावलं. 'आई रागावली तर पळ, नाहीतर टीव्ही लाव' छापाची उत्तरं आली. एक दोन वेण्यांची मुलगी होती, इतकं हळू बोलायची की मला तिच्यापाशी वाकावं लागे. ती म्हणाली, "दारात पप्पांच्या चपला असतील, तर हळू बोलायचं."

कोणी हसलं नाही. निम्म्या पोरांचे वडील आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपन्यांत पाळीने जाणारे. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो आणि त्याला उठवायचं नसतं, हे त्या पोरांना कळायला लागल्यापासून ठाऊक. माझे वडील ऑफिसवाले, संध्याकाळी घरी येऊन आमच्याइतकाच दंगा करणारे.

सुट्टीच्या शेवटी प्रत्येकाने एक गेम बनवायचा आणि घरच्यांनी येऊन तो खेळायचा, असं ठरलं. बऱ्याच कंपन्यांना शुक्रवारी सुट्टी, म्हणून कार्यक्रमही शुक्रवारी संध्याकाळी. तिच्या गेममध्ये एक ठिपका कंपनीच्या गेटमधून घरी निघायचा. बटणं दाबून त्याला चालवायचं. कुत्रा आडवा आला तर ठिपका परत गेटवर, घर आलं तर जिंकला. बाकीच्यांचे गेम जिंकल्यावर नुसते कोकलायचे, कारण 'बीप' वाजवायची ओळ मी शिकवली आणि पोरांनी ती पानभर लिहून ठेवली. हिचा गेम मात्र गप्प. जिंकलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'पप्पा आले', बस्स.

"अगं, बीप टाक की," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "हा पप्पांसाठी आहे मॅडम. आवाज नको."

शुक्रवारी गाळा गच्च भरला. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर काढायची शिस्त होती, त्यामुळे दारात चपलांचा ढीग. ती आपल्या मशीनसमोर बसून एकसारखी त्या ढिगाकडे बघत होती.

"येणार आहेत ना पप्पा?"

"काल नाइट होती. उठले तर येतील."

"नाहीतर?" शिकवायच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं. ती पुन्हा चपलांकडे बघायला लागली.

तिचा नंबर आला तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्याला पुढे केलं, मग तिसऱ्याला. मालक घड्याळ दाखवू लागले, सहाला लाइट जाणार होती. मला त्यांचा इतका राग आला की विचारू नका. तेवढ्यात तिचा चेहरा उजळला. दारात तिचे वडील चपला काढत होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, गालावर उशीचे वळ.

"उठवायचं नाय का मला?" त्यांनी विचारलं. "मम्मी बोलली तेव्हा कळलं."

ते खेळायला बसले. कुत्रा आला, ठिपका गेटवर. पुन्हा कुत्रा, पुन्हा गेट. बाप जीव लावून खेळत होता आणि पोरगी श्वास रोखून उभी. शेवटी ठिपका घरी पोहोचला. ते मशीनकडे कान देऊन बसले. शेजारची मशीनं वाजत होती.

"जिंकलो ना मी?"

"हो."

"मग वाजत का नाय?"

"तुम्ही झोपता ना," ती म्हणाली.

त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आता झोपलोय का मी?"

तिने मान हलवली.

"मग वाजव की."

तिने कीबोर्ड ओढून घेतला. मी मदतीला पुढे झाले, पण तिला गरज नव्हती. तिने आधी मशीनला सांगितलं, पप्पा जागे आहेत, आणि खाली ओळ लिहिली: जर पप्पा जागे, तर बीप. नाहीतर काय, ते लिहिलंच नाही. वडील पुन्हा गेटपासून निघाले. ह्या वेळी कुत्र्याला चुकवून ठिपका घरी आला आणि मशीन खणखणीत वाजलं. ती दचकली, सवयीने तिने दाराकडे बघितलं. दारात पप्पांच्या चपला होत्या, आणि ती मोठमोठ्याने हसत होती.